मामी ‘जा’ म्हणाली होती का

आमच्या मामीला सगळे शिडीवाली म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावरही म्हणायला लागले, कारण तिने ते कधी मनावर घेतलं नाही. खांद्यावर शिडी, एका हातात खळीची बादली, काखेत पोस्टरांची गुंडाळी आणि कमरेला खोचलेला ब्रश, अशी ती निघाली की समोरची माणसं आपसूक कडेला सरकायची. शिडीचं मागचं टोक कुणाच्या कपाळावर बसेल याचा नेम नसायचा.

मुळात हे काम मामाचं. मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. सरकारी आणि खाजगी जाहिराती शहरातल्या भिंतींवर चिकटवायच्या, ही त्याची नोकरी. अबोल माणूस. दिवसभर भिंतीकडे तोंड करून काम करायची सवय लागली होती, म्हणून माणसांकडे तोंड करून बोलायला जमायचं नाही, असं आई म्हणते. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात तिघंच: मामा, मामी आणि माझी आई, तेव्हा एकोणीस वर्षांची. दोन खोल्या आणि एक खिडकी. ती खिडकी मागच्या बोळात उघडायची आणि तिच्यातून फक्त समोरच्या धुलाईखान्याची भिंत दिसायची. रस्ता दिसायचा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे या खिडकीवरून घरात बरंच रणकंदन झालं.

खळ मामीच शिजवायची. मैदा पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि कीड लागू नये म्हणून शेवटी चिमूटभर मोरचूद टाकायचा. तिची खळ अशी असायची की पोस्टर फाटेल पण सुटणार नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा दिवसांतच भरतीची पोस्टरं आली. पहिलं पोस्टर आईला अजून आठवतं. खिडकीत एक बाई उभी, कडेवर मूल, दुसरा हात उंच केलेला, आणि खालच्या रस्त्याने पाठमोरे शिपाई चाललेले. वर मोठ्या अक्षरांत: ‘बायका म्हणतात, जा!’

मामा संध्याकाळी घरी आला तेव्हा मामी खळीचं पातेलं ढवळत होती.

“आज तसली चाळीस लावली,” तो म्हणाला.

“कसली?”

त्याने चित्र सांगितलं. एवढं लांबलचक तो एरवी बोलायचा नाही. मग बूट काढता काढता त्याने विचारलं, “तू काय म्हणतेस मग?”

“मी काय म्हणणार?” मामी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्याने तेच आणखी दोनदा विचारलं. एकदा मामी म्हणाली, “माझं काय विचारता, तुमचं तुम्ही बघा.” आणि एकदा म्हणाली, “अहो, उतू जातंय, जरा ते फडकं द्या.” तिसऱ्या वेळी आई तिथेच बसली होती, म्हणून फडक्याबद्दल तरी कुणाचं दुमत नाही.

मामीचं म्हणणं असं, की तिला तो जायला नकोच होता. पण ‘जाऊ नका’ असं तोंडातून काढायची तिला लाज वाटली. नळावरच्या बायका आपापले नवरे कधी नाव नोंदवणार ते तावातावाने सांगत होत्या. त्यात हिनेच एकटीने नवऱ्याला पदराआड लपवून ठेवल्यासारखं झालं असतं. शिवाय तो थट्टा करतोय असं तिला वाटलं. मामाने थट्टा अशी कधी केलीच नव्हती, त्यामुळे ती केली तर कशी दिसेल हे तिला ठाऊक नव्हतं.

आठव्या दिवशी तो नाव नोंदवूनच घरी आला. पोस्टराची उरलेली गुंडाळी कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाला, “सोमवारी निघायचं.”

मामी म्हणाली, “कुठे?”

सोमवारी शाळेच्या मैदानातून माणसं निघाली. बायकांना फाटकाच्या आत घेत नव्हते. मामी आणि आई बाहेर उभ्या होत्या, बँड वाजत होता, आणि सगळ्यांच्या टोप्या सारख्या असल्यामुळे आपला कोणता ते कळत नव्हतं. आई सांगते, वहिनीने हात वर केला होता. मामी सांगायची, हात केस सावरायला वर गेला होता, वारा होता त्या दिवशी. आई म्हणते, वारा मुळीच नव्हता.

*

महिन्याभरात मामी जाहिरात कार्यालयात गेली. तिथले मुकादम साठीच्या पुढचे होते, नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलत बोलायचे. मामाची जागा मला द्या, खळ तर मीच करते, असं तिने सांगितलं.

“बाईमाणूस शिडीवर?” मुकादम म्हणाले. “लोक पोस्टर बघतील की तुला?”

ती गप घरी आली. पंधरा दिवसांनी मुकादमांनी स्वतःच निरोप धाडला. गठ्ठे छताला टेकले होते आणि चिकटवणारा एकही गडी शहरात उरला नव्हता. त्यांना सगळ्यांना त्या पोस्टरांनीच नेलं होतं.

मामीने मामाची जुनी पँट चढवली, कमरेला दोरी बांधली आणि निघाली. पहिल्या दिवशी निम्मी खळ तिच्याच केसांत गेली. पोस्टर वरून खाली उलगडत आणायचं असतं, ती खालून वर न्यायला गेली आणि कागद ओल्या चादरीसारखा तिच्या डोक्यावर कोसळला. शिडीखाली दोन म्हातारे उभे होते. एक ओरडला, “उतर खाली बये, घरी भाजी करपली असेल!” दुसरा म्हणाला, “असू दे रे, देशासाठी करतेय.” मामीला दोघांचाही राग आला. दुसऱ्याचा का आला ते तिला कळलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांत हात बसला. मग आपण काय चिकटवतोय ते ती वाचायला लागली, आणि तिथून तिच्या डोक्याला भुंगा लागला.

सोमवारी यायची पांढऱ्या कपड्यांतली, डोळ्यांत पाणी असलेली बाई: ‘हिचं रक्षण करा.’ ती इतकी नाजूक की फुंकर मारली तर उडेल. बुधवारी यायची बाह्या सरसावलेली, दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारी: ‘तिच्या हातांवर आघाडी उभी आहे.’ शुक्रवारी लालभडक ओठांची, हातात पेला घेतलेली, मागे बुडणारं जहाज: ‘बाईपुढे तोंड उघडू नका.’ आणि खिडकीतली ती ‘जा’ म्हणणारी तर चालूच होती. तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तिसरीत मूल जरा मोठं काढलं होतं.

मामीने एकदा गठ्ठा उचलता उचलता मुकादमांना विचारलंच. “साहेब, यांतली नक्की कुठली खरी?”

“म्हणजे?”

“म्हणजे बाईने रडायचं, की लोखंड उचलायचं, की नवऱ्याला बाहेर काढायचं? आणि ती पेलावाली कोण? तीही आमच्यातलीच ना?”

मुकादमांनी चष्मा वर ढकलला. “स्टेशनच्या भिंतीवर रक्षण लाव, कारखान्याच्या रस्त्याला बेटकुळी, दारूच्या दुकानांपाशी पेला. जिथे ज्याचं काम तिथे ते. तू कशाला डोकं लावतेस?”

“मी सगळ्याच रस्त्यांनी जाते,” मामी म्हणाली. “म्हणून विचारलं.”

मुकादमांनी पुढचा गठ्ठा मोजायला घेतला. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही ठाऊक नसावं.

माझी आई त्या बेटकुळीच्या पोस्टरला भुलली. गंमत म्हणजे ते मामीनेच लावलं होतं, धुलाईखान्याच्या दर्शनी भिंतीवर. आई घरी येऊन म्हणाली, “वहिनी, मला त्या बाईसारखं व्हायचंय.”

“कुठल्या?” मामी म्हणाली. “मी कालपासून चार प्रकारच्या लावल्यात.”

आई तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागली. डोक्याला घट्ट रुमाल, अंगात जाड कापडाची पँट, दहा तास उभ्याने दारू भरायची. चार महिन्यांत त्या दारूने तिचे तळहात पिवळे झाले, मग मान, मग डोळ्यांच्या कडा. अंघोळ केली की पाणी पिवळं व्हायचं. पोस्टरातल्या बाईचे गाल गुलाबी होते. मामीने एके दिवशी आईला हाताला धरून त्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाली, “बघ, सांग, कुठे आहे यात पिवळं?”

आई म्हणाली, “वहिनी, पण मला आवडतंय गं तिथे.”

तेही खरंच होतं. आई त्या काळाबद्दल बोलायला लागली की आजही खुर्चीत ताठ बसते. त्या बायका जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गाणी म्हणायच्या, पर्यवेक्षकाची नक्कल करायच्या. आणि त्यांतल्या दोघी एका स्फोटात गेल्या. आई ते दोन्ही एकाच दमात सांगते आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की आता हसायचं की काय करायचं.

*

मामीच्या हातून मोठा घोळ झाला तो दुसऱ्या हिवाळ्यात. मोठी पोस्टरं चार तुकड्यांत यायची, दोन वर, दोन खाली, आणि भिंतीवर ती जुळवायची. त्या सकाळी धुकं असं होतं की शिडीवरून जमीन दिसत नव्हती. दोन वेगळी पोस्टरं, एकाच मापाची, एकाच गठ्ठ्यात बांधून आली होती. मामीने बाजारातल्या उंच भिंतीवर चारही तुकडे लावले, कडा एकीला एक बरोबर भिडवल्या, ब्रशने बुडबुडे काढले आणि पुढच्या भिंतीकडे गेली.

नऊला धुकं उठलं. वरच्या अर्ध्यात खिडकीतली बाई, कडेवर मूल. खालच्या अर्ध्यात चिखलात रोवलेले शिपायाचे दोन बूट, गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या आणि कमरेच्या पट्ट्याला संगीन. कमरेपाशी सांधा इतका बेमालूम बसला होता की चित्रकाराने तसंच काढलंय असं वाटावं. मोठ्या पोस्टरात ‘जा!’ खालच्या तुकड्यांवर असायचं, म्हणून वर उरलं होतं ‘बायका म्हणतात,’ आणि खाली लिहिलेलं ‘मी पुढे आहे, तुम्ही कुठे?’

माणसं जमली. कुणी हसत होतं, कुणी चिडलं होतं. एक गृहस्थ टोपी हातात घेऊन म्हणत होते की हा सैन्याचा अपमान आहे. एक म्हातारी म्हणत होती, अहो अपमान कसला, आता बायकांनाही धाडणार आहेत, मी ऐकलंय. दोन मुली खरंच भरती कार्यालयात जाऊन विचारून आल्या, की बायकांची रांग कुठली? त्यांना हाकलून दिलं.

मामी गर्दी बघून परत आली तेव्हा माझी आई कारखान्यातल्या रात्रपाळीतून सुटून तिथेच उभी होती, पँटीत, रुमालात, पिवळ्या हातांनी. ती वर बघत म्हणाली, “वहिनी, ही मी आहे.”

“गप बस,” मामी म्हणाली. “मला नोकरीवरून काढतील.”

काढलं नाही. मुकादमांनी तासभर आगपाखड केली आणि ते पोस्टर खरवडून काढायला लावलं. पण तिची खळ होती ती. बूट निघाले, बाई निघाली, कमरेचा पट्टा मात्र काही केल्या निघेना. तो तेवढा वर्षभर भिंतीवर होता.

*

याच हिवाळ्यात दुसरं एक सुरू झालं. बाजाराच्या टोकाला पावाची भट्टी होती, तिच्या बाजूच्या भिंतीवर खिडकीतल्या बाईचं पोस्टर असायचं. मामी सकाळी बघायची तर त्या बाईचं तोंड ओरबाडलेलं. डोळे, केस, मूल सगळं जागच्या जागी, फक्त ओठांच्या जागी भिंत. मामी नवं लावायची. दोन दिवसांनी परत तेच. मुकादम म्हणाले, हे सरकारी मालमत्तेचं नुकसान आहे, कोण करतंय शोध, नाहीतर पोलिसांना सांगावं लागेल.

मामीने एका सकाळी शिडी पलीकडच्या गल्लीत ठेवली आणि उभी राहिली. भट्टीचं दार उघडलं आणि भट्टीवाली बाहेर आली. पन्नाशीची, दंडापर्यंत पीठ. तिचा एकुलता एक मुलगा अठराव्या वर्षी गेला होता, त्याची बातमी येऊन तीन महिने झाले होते. ती भिंतीजवळ आली, टाचा उंचावल्या, भट्टीतली लोखंडी सळई वर नेली आणि सावकाश, कणीक खरवडावी तशी, ते तोंड खरवडायला लागली. सळई पुरत नव्हती, उड्या माराव्या लागत होत्या.

मामी पुढे झाली. “बाई, अहो, नका करू. मला रोज परत लावावं लागतं.”

भट्टीवाली वळली. “तू लावतेस हे?”

“हो.”

“तूच सांगितलंस ना त्याला जा म्हणून?”

“मी नाही हो. पोस्टर...”

“मीही नव्हतं सांगितलं,” भट्टीवाली म्हणाली. “मी शप्पथ घालून सांगितलं होतं, जाऊ नको म्हणून. तो म्हणाला, आई, सगळ्यांच्या आया जा म्हणतात, भिंतीवर लिहिलंय, तू एकटीच अशी कशी?” मग तिने मामीला खालपासून वरपर्यंत बघितलं, दोरीने बांधलेली पँट, हातातला ब्रश. “तुझा कोण गेलाय?”

“नवरा.”

“तू म्हणाली होतीस का जा?”

मामी मला हे सांगताना नेहमी इथे थांबायची. कारण त्या सकाळी तिला उत्तर आलं नाही. ‘नाही’ म्हणावं तर आपण ‘जाऊ नका’ असंही कधी म्हटलं नव्हतं. समोरची बाई म्हणाली होती, आणि तिचा मुलगा तरी गेलाच. मग म्हटल्या न म्हटल्याने काय फरक पडला? की पडला? तोवर भट्टीवाली आत निघून गेली.

मामीने नवं पोस्टर लावलं. पण नेहमीच्या उंचीवर नाही. हातभर खाली लावलं, टाचा न उंचावता हात पोहोचेल असं. असं का केलंस, म्हणून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला नाही माहीत. ती उड्या मारत होती ना.” मुकादमांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, वर वारा लागतो. चोर काही सापडला नाही, असंही सांगितलं. लढाई संपेपर्यंत त्या भिंतीवरच्या बाईला तोंड नव्हतं आणि मामी आठवड्यातून दोनदा तिला नवं तोंड देत होती.

*

मामा परत आला. ज्यांचे आले नाहीत त्यांच्या मानाने तो धडधाकट आला, असं सगळे म्हणाले. फक्त उजवा हात थरथरायचा, कपातला चहा बशीत सांडायचा. आणि बोलायला लागला होता. आधी अबोल होता तो आता अधूनमधून एकदम बोलायचा, समोर कुणी नसलं तरी.

परत आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, “तिथे खंदकात मला रोज तू दिसायचीस. खिडकीत उभी. हात वर करून म्हणत होतीस, जा.”

मामीने विचारलं, “कुठल्या खिडकीत?”

“आपल्या.”

“आपली खिडकी बोळात उघडते,” मामी म्हणाली. “तिच्यातून धुलाईखाना दिसतो.”

“तू उभी होतीस,” मामा म्हणाला. “मी वळून बघितलं होतं.”

“अहो, ते पोस्टर होतं. तुम्हीच लावलेलं. त्या बाईच्या कडेवर मूल होतं. आपल्याला मूल कुठे आहे?”

मामा विचारात पडला. मग म्हणाला, “मूल मला आठवत नाही. तू आठवतेस.”

हे महिनाभर चाललं. मामी त्याला खिडकीपाशी उभं करायची, बाहेर बघायला लावायची. तो बघायचा, मान डोलवायचा, आणि संध्याकाळी परत तेच. आई एकदा मध्ये पडली, म्हणाली, “दादा, वहिनी काहीच म्हणाली नव्हती. मी होते तिथे. ती म्हणाली होती, फडकं द्या.” मामा आईकडे असा बघत राहिला की आईला वाटलं, आपण याच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतोय. “मग मी गेलो कशाला?” त्याने विचारलं.

शेवटी मामीनेच हार खाल्ली. तिने विचार केला, याला त्यावर झोप लागत असेल तर लागू दे. एके दुपारी त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “हो. म्हटलं होतं मी. जा म्हणून.”

मामा शांत झाला. चार दिवस खरंच शांत होता. पाचव्या दिवशी मामी कपडे वाळत घालत होती, तो मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “का म्हणालीस?”

“काय?”

“मला का घालवलंस तू? तुला मी नको होतो का?”

मामीने हातातला ओला सदरा बादलीत टाकला. ती म्हणाली, “अहो, मी नव्हते हो म्हणाले! तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले की म्हणाले होते!”

“म्हणजे तेव्हा म्हणाली नव्हतीस, आणि आता म्हणालीस?”

“हो. नाही. आता तेव्हाचं म्हणाले.”

मग मामा खाली बसला आणि हसायला लागला. मामीला आधी वाटलं रडतोय. मग तीही बसली. ती म्हणायची, त्या दिवशी आम्ही हसलो ते कशाला हसलो ते आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण त्यानंतर त्याने परत विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

*

त्याच सुमारास शेवटचा गठ्ठा आला. पोस्टरावर दारात उभा शिपाई, आणि आत एक बाई कामाचा रुमाल सोडून खुंटीला टांगतेय: ‘तिने जागा सांभाळली. आता ती त्याला परत देते.’ मुकादम मामीच्या नजरेला नजर देत नव्हते. “दीडशे आहेत,” ते म्हणाले. “ही लावून झाली की शिडी-बादली जमा कर. तुझ्या नवऱ्याची जागा त्याला द्यायची आहे, वरून हुकूम आहे.”

“त्याचा हात थरथरतो,” मामी म्हणाली.

“हुकुमात हाताचं काही नाही.”

मामीने दीडशेच्या दीडशे लावली. एकही तिरकं नाही. आईला त्याच आठवड्यात कारखान्यातून घरी धाडलं. कारखान्याच्या दारावरचं ‘जागा परत देते’वालं पोस्टर तिच्या वहिनीनेच लावलेलं होतं. आई तेव्हा मामीवर खूप चिडली होती. “तुला लावायचं नाही म्हणता आलं नसतं का?” मामी म्हणाली, “तुला आवडलेलं ते बेटकुळीचं लावलं तेव्हा नाही म्हणाले असते तर चाललं असतं का?” पुढे आईचं लग्न झालं, मी झाले. आईच्या हातांचा पिवळेपणा माझ्या जन्माच्या आधीच गेला होता, पण ती अजूनही उन्हात हात उलटसुलट करून बघते.

मामा तीन दिवस एकटा कामावर गेला. तिसऱ्या दिवशी एका साबणाच्या जाहिरातीतली बाई त्याने डोकं खाली, पाय वर अशी लावली आणि शिडीवरच बसून राहिला. चौथ्या दिवसापासून मामी त्याच्याबरोबर जायला लागली. तो खळ ढवळायचा, शिडी धरायचा, ती वर चढायची. हजेरीपटावर नाव मामाचं. मुकादम रस्त्यात दिसले की समोरच्या दुकानात शिरायचे, काही घ्यायचं नसलं तरी.

असं बावीस वर्षं चाललं. मामा निवृत्त झाला तेव्हा कार्यालयाने त्याला मानपत्र दिलं, त्यात ‘हातातली सफाई’ असा खास उल्लेख होता. तोवर मुकादम वारले होते आणि नव्या लोकांना काही माहीत नव्हतं. मामाने थरथरत्या हाताने ते घेतलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा परत मिटलं. घरी आल्यावर त्याने मानपत्र मामीच्या पुढ्यात ठेवलं. तिने वाचलं आणि विचारलं, “हे लावायचं कुठे?” ते कपाटातच राहिलं.

नाव निवृत्त झाल्यावर मामीही घरी बसली. दोन महिने बसली. मग एका सकाळी उठून नाटकगृहात गेली. त्यांना पोस्टरं लावायला माणूस हवा होता. तिथला व्यवस्थापक तरुण होता, कागद पुढे ओढून त्याने नाव विचारलं, तिने सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं.

“या कामाचा अनुभव?”

मामी मोजायला लागली. लढाईतली वर्षं धरायची तर ती मामाच्या जागेवरची. नंतरची बावीस तर त्याच्याच नावावर जमा. ती बराच वेळ बोटं मुडपत राहिली, आणि व्यवस्थापकाला वाटलं बाईला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने मोठ्याने परत विचारलं.

“काही नाही, असं लिहा,” मामी म्हणाली.

त्याने तसं लिहिलं, आणि परीक्षा म्हणून बाजूच्या भिंतीवर एक चार तुकड्यांचं पोस्टर लावून दाखवायला सांगितलं. ते लागलं तेव्हा त्याचा चहा अजून गरम होता. तिथे तिने सहा वर्षं काम केलं. मग गुडघे म्हणाले पुरे, आणि ती आमच्याकडे राहायला आली, मामालाही घेऊन.